12 व्होल्टच्या बॅटरीला इग्निशन कॉइल जोडली, पण ठिणगी पडत नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की इग्निशन कॉइल (गाडीच्या प्लगला ठिणगी पुरवणारी) बॅटरीला जोडून ठेवली, ती चटका बसण्याइतकी तापली, पण ठिणगी नाही. शिवाय कॉइलचे वेढे 1:100 धरले तर 1200 व्होल्टच होतात, मग ठिणगी हवेतून उडणार कशी, हीही तुमची शंका आहे.

मी बेळगावात खानापूर रोडला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, कॉइल रोज हातात असते. कॉइल जोडलेली असताना ठिणगी देतच नाही. जोड तुटते त्या क्षणी देते.

आमच्या निपाणी-चिकोडीकडे उसाला लांबून पाइपलाइनने पाणी आणतात. पाणी जोरात चालू असताना कुणी कॉक एकदम बंद केला की पाइप धाडकन हादरतो, कधी सांध्यावर फुटतो. पंपाचा दाब तेवढा नसतोच, धावतं पाणी अचानक अडलं म्हणून तो दाब तयार होतो. कॉइलमध्ये 3-4 अँपिअर करंट वाहत असताना मधलं लोखंड चुंबक झालेलं असतं. करंट तोडला की ते चुंबकत्व एका झटक्यात कोसळतं आणि प्रायमरीतच, म्हणजे बॅटरीला जोडतो त्या कमी वेढ्यांच्या गुंडाळीतच, 250-300 व्होल्ट उठतात. आता या आकड्याला 100 ने गुणा, 12 ला नाही. 25-30 हजार झाले. टोकदार तारांमध्ये सेंटिमीटरभर ठिणगी त्यातूनच येते.

पण नुसतं तोडून भागत नाही, कंडेन्सर लागतो, आणि बहुतेकांचं इथंच अडतं. जोड उघडताना करंट तिथल्याच फटीतून उडी मारतो आणि सगळा जोर तिथंच जळून जातो. कंडेन्सर तेवढ्या क्षणापुरता करंट स्वतःत घेतो, म्हणून तोड स्वच्छ होते. मागे एक जुनी अँबॅसिडर आली होती, सकाळी स्टार्टच होईना. डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचं) झाकण काढलं तर सीबी पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, काळेनिळे, एकावर खड्डा आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा. प्लगला ठिणगी बारीक, पिवळट. फक्त कंडेन्सर बदलला, तर तीच ठिणगी निळी, जाड, चट् चट् आवाज करणारी.

आधी मीटरने प्रायमरीचा ओहम बघा. पॉइंटवाल्या जुन्या गाडीची डब्यासारखी कॉइल 3-4 ओहम दाखवते, तुम्हाला तीच हवी. सीडीआयवाल्या (कंडेन्सरमधून कॉइलला झटका देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) बाइकची कॉइल 1 ओहमच्याही खाली असते. ती सरळ 12 व्होल्टला लावली की तापणारच, आणि तुमची तीच असावी असा माझा अंदाज आहे.

करंट तोडायला सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे कानस. बॅटरीचा प्लस 5 अँपिअरच्या फ्यूजमधून प्रायमरीच्या एका टोकाला द्या, दुसरं टोक कानशीला, आणि मायनसची तार कानशीवरून ओढा. दर दात्याला जोड बसते आणि तुटते. फार भराभर ओढू नका, लोखंड भरायला 3-4 मिलिसेकंद लागतात. कानस आणि तार यांच्यामध्ये 0.22 मायक्रोफॅरड, 630 व्होल्टचा कंडेन्सर लावा. कानशीला लाकडी मूठ आणि तारेवर जाड प्लास्टिक हवंच, कारण ते 300 व्होल्ट तिथंही असतात. एचटी वायरसमोर (कॉइलमधून जास्त व्होल्ट बाहेर आणणारी जाड वायर) मायनसला जोडलेली दुसरी तार 8 मिलिमीटरवर पक्की बसवा. समोर तार न बसवता एचटी वायर मोकळी सोडली तर ठिणगी कॉइलच्या आतच वाट काढते आणि कॉइल कायमची जाते.

बॅटरी ताजी चार्ज केलेली असेल तर तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ठिणगी तिच्यापासून हातभर तरी लांब. ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी जवळही थांबू नये. जुलैच्या पावसात दमट बोनेटवर वाकलेलो असताना मला एचटीचा झटका बसलाय. हात आपोआप मागे गेला आणि कोपर पत्र्यावर आपटून फुटलं. कोरड्या जागी करा, शक्यतो एकच हात पुढे ठेवा. आणि ठिणगी छोटी वाटली म्हणून मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर कृपया आणू नका. त्याचे व्होल्ट 2000च्या आसपास, पण त्यामागे करंट इतका असतो की एकदा चिकटला तर माणूस वाचत नाही.

भाच्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हेच मांडलं होतं, तेव्हा घरात रेडिओवर मिडियम वेव्हला सांगली केंद्र लागलेलं. प्रत्येक ठिणगीला रेडिओत खर्र आवाज यायचा. हर्ट्झने 1887 मध्ये अशाच इंडक्शन कॉइलच्या ठिणगीने रेडिओलहरी पकडल्या होत्या, हे त्याला तिथं उभ्या उभ्या सांगता आलं. तुमच्याकडे जुना रेडिओ असेल तर जवळ ठेवून बघाच.

ओहम किती आला ते कळवा. 1 च्या खाली असेल तर त्या कॉइलला पुन्हा बॅटरी लावू नका. भंगारवाल्याकडे किंवा जुन्या गॅरेजमध्ये पॉइंटवाली कॉइल अजून मिळते.