उकळत्या पाण्यात तोंड दिसत नाही

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘डोळे मिटून बसलं की राग उलट वाढतो, म्हणजे ध्यान माझ्यासाठी नाही,’ असं लिहिलं आहेस. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा खोडून टाक.

मी इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना ध्यानकेंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला गेले ती शांत व्हायला. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये बर्माहून विपश्यनेची ही पद्धत घेऊन भारतात आले. पहाटे चारची घंटा, बोलणं बंद, सुरुवातीला नुसता नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघत राहणं, शिकवतात आणि मग हातपाय न हलवता तास-तास बसायचं. अशाच एका तासात मी धाकट्या जावेशी कडाक्याचं भांडले, सासूबाईंच्या पाटल्यांवरून. भांडण बारा वर्षांपूर्वीचं, मुद्दे मात्र ताजे! जबडा इतका आवळला होता की दाढ ठणकली. मग लाज वाटली: इथे येऊन पाटल्यांचा हिशोब? रागापेक्षा ती लाजच जास्त टोचली.

सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेवरच्या बुद्धाच्या पाली उपदेशात, चित्ताविषयी जे सांगितलंय ते मला नंतर कळलं. द्वेषानं भरलेलं चित्त असेल, तर तसं आहे हे जाणावं. त्या ओळीत ‘हाकलून दे’ असं नाही. (पालीत ‘राग’ म्हणजे आसक्ती. आपल्या रागाला तिथे ‘दोस’ म्हणतात. मी कितीतरी दिवस उलटंच समजत होते.) दुसऱ्या एका सुत्तात भांड्यातल्या पाण्याचे दाखले आहेत. वासनेचं मन म्हणजे हळदीसारखा रंग कालवलेलं पाणी, सुस्तीचं शेवाळलेलं, अस्वस्थतेचं वाऱ्यानं हललेलं, शंकेचं गढूळ आणि वर अंधारात ठेवलेलं. आणि रागाचं उकळतं. कशातच आपलं तोंड धड दिसत नाही.

आता उकळणाऱ्या तपेल्याला कोणी दटावतं का? गॅस बारीक करतो. ‘तो असं म्हणाला, मी असं म्हणायला हवं होतं’ हे मनातलं पारायण म्हणजे तो गॅस. ते सुरू झालं की मनात एकदाच म्हण, ‘राग आलाय.’ ‘मी रागीट आहे’ असं नको. आपल्या मराठीत राग येतो, रडू येतं, कंटाळा येतो. भाषेनं आधीच सोय करून ठेवली आहे, ती वापर. मग शरीरात शोध: जबडा, खांदे, पोटातला पीळ. तिथे थोडा वेळ थांब. पारायण पुन्हा सुरू होईल, दहादा होईल. दहादा जबड्याकडे परत ये.

आणि स्वतःशी बोलताना आवाज कसा असतो तेवढं बघ. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवताना जसा असतो तसा हवा. तसा जमत नसेल, तर छातीवर हात ठेव. मी तेवढंच करायचे.

इगतपुरीची घाई एवढ्यात करू नकोस. रोज दहा मिनिटं पुरेत. बसल्यावर छाती धडधडायला लागली, जुनं काही अंगावर आलं, तर डोळे उघड, ऊठ, पायांना जमीन लागते तिकडे लक्ष देत दोन फेऱ्या मार. दात-ओठ खाऊन सोसत बसू नकोस. आणि झोप, जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. गोळ्या चालू असतील तर ध्यानाच्या भरवशावर बंद करू नकोस, याबाबत मी कुणाचंच ऐकत नाही.

पाटल्या अजून जावेकडेच आहेत. गेल्या दिवाळीत करंज्या वाढताना तिच्या हातात दिसल्या आणि दाढ लगेच आवळली. ‘आलास?’ म्हटलं, आणि करंजी घेतली. सारण जरा कोरडं होतं.

रोज बसायला कोणती वेळ जमते ते कळव.

तुझी,
मावशी