आजी पुरात गेली की नाही?

गोव्यातल्या वाळपईहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीने नीट दोनदा दिली, स्कोअर आला नाही, तिसऱ्यांदा बसायला ती तयार नाही, म्हणते आपत्तीनंतर गावात मृत्यू का वाढतात ते शिकायचंय. "२०२१च्या पुरानंतर तीन महिन्यांनी आमची आई गेली, तेव्हापासून हे खूळ आहे, तेवढं डोक्यातून काढा."

बाब, नीटचं नंतर बघू, मला तो 'खूळ' शब्द फार लागला. तुम्हीच लिहिलंय की घरात पाणी शिरलं, लाईट नाही, फ्रीज बंद, आजीचं इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवायचं काम ह्या पोरीकडे होतं, आणि शेवटी सर्टिफिकेटवर आलं नुसतं हार्ट अटॅक. तेव्हापासून ती विचारतेय आजी पुरात गेली की नाही, आणि घरात सगळे विषय बदलतात. तिला तिसऱ्यांदा कोचिंगला बसवून हा प्रश्न जाणार नाही हो.

तुम्ही म्हणता बुडाला तो मेला, मोजायला अक्कल कशाला लागते. इथेच चुकताय. सप्टेंबर २०१७ मध्ये पोर्तो रिको ह्या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर मारिया वादळ आलं, मृत्यूंचा सरकारी आकडा कित्येक महिने ६४ होता, मग जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टीमने वादळ आलंच नसतं तर त्या महिन्यांत किती माणसं गेली असती ते काढलं, बेट सोडून गेलेले धरले, प्रत्यक्षातल्या मृत्यूंतून ते वजा केलं आणि आकडा आला २,९७५. सरकारनेही तो मान्य केला. लाईट नाही, डायलिसिसला जायला रस्ता नाही, घर दुरुस्त करण्यात पैसे संपले म्हणून गोळ्या अर्ध्याच घेतल्या, अशी माणसं मरतात आणि नोंदीत वादळ कुठेच दिसत नाही. २०२४ साली नेचर ह्या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या एकेका वादळामागे पुढच्या १५ वर्षांत ७ ते ११ हजार जादा मृत्यूंचा अंदाज आहे, सरकारी नोंद सरासरी २४ची. एकट्या तुमच्या आईबद्दल छातीठोकपणे कुणालाच सांगता येणार नाही, हे मुलीला खरं खरं सांगा. हजार आज्यांबद्दल मात्र सांगता येतं, आणि ते सांगणारी माणसं आपल्याकडे हवीत.

रस्ता सरळ आहे, स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी, मग मुंबईत देवनारला आयआयपीएस, म्हणजे लोकसंख्येचा अभ्यास शिकवणारी संस्था, तिथे बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याची आकडेवारी) आणि डेमोग्राफीची (लोकसंख्याशास्त्राची) एमएस्सी आहे. डॉक्टर होऊन पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, करूनही इथे येता येतं, पण ती नको म्हणतेय ना. बारावीला मॅथ्स होतं का ते तुम्ही लिहिलंच नाही, नसेल तर स्टॅटिस्टिक्सची ॲडमिशन अडू शकते, म्हणून ते आधी कळवा.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. त्या दिवसांत मडक्यातलं इन्सुलिन किती दिवस वापरलं, डॉक्टरकडे कधी नेता आलं, तिला जे आठवतं ते सगळं लिहू दे, मी वाचेन.