लिहिताना रडू येते, मग कविता लिहिणे थांबवावे का?

"कवितेने मन मोकळे होते म्हणतात, मला मात्र लिहिल्यावर जास्तच त्रास होतो. बंद करू का?" असे समुपदेशनाच्या भेटीत मला विचारणाऱ्या पन्नाशीतल्या एका गृहिणीचा अनुभव, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून आणि त्यांच्या संमतीने, येथे देत आहे.

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे सारे त्या एकट्याच करत होत्या. सोबत आणलेल्या दोनशेपानी वहीत त्याग, माया, समई, तुळस असे सगळे होते आणि यमकेही चोख जुळलेली होती. काव्य म्हणून त्यांचे मोल ठरवणे हा माझा प्रांत नव्हे, पण त्या कवितांत बाई स्वतः कुठेच दिसत नव्हत्या. एका पानावर मात्र एक ओळ गिरवून गिरवून खोडलेली होती. संकोचत त्यांनी ती वाचली: "नळ उगाच सोडून ठेवते, हुंदका बाहेर जाऊ नये म्हणून." का खोडली, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ते कवितेसारखं वाटेना, मॅडम." पुढच्या भेटीपर्यंत याच ओळीपासून सुरुवात करून, यमकाची फिकीर न करता लिहावे असे आमचे ठरले, आणि आईची साधी चौकशीही न करणाऱ्या दिरांवरचा राग तेव्हा प्रथमच कागदावर उतरला. आपल्याला राग येतच नाही, अशी ठाम समजूत बाळगून असलेल्या बाईंना तो आपलाच आहे हे पटायला बराच वेळ लागला.

रडू आले म्हणजे लिखाण बाधले, असे समजू नये. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या संशोधकांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटे मनाला लागलेल्या प्रसंगांविषयी गद्यात लिहिले. घटनेबरोबर भावनाही लिहिणारे लिहून झाल्यावर अधिक खिन्न होते, पण पुढील काही महिन्यांत आरोग्य केंद्रातील त्यांच्या फेऱ्या तुलनेने कमी झाल्या. नंतरच्या संशोधनात हा लाभ माफकच आढळला, हेही सांगायला हवे.

म्हणून लिहिण्याची वेळ वीसेक मिनिटांवर बांधून घ्यावी आणि झोपण्यापूर्वी लिहू नये, असे मी सुचवते. तीच ओळ आठवडेच्या आठवडे घोळत राहिली, झोप उडाली किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर मात्र वहीवर विसंबू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते.

बाईंनी अखेर दिरांना फोन करून, "भावजी, वर्षातले तीन महिने आईंना तुमच्याकडे न्या," असे स्पष्ट सांगितले. त्यांची टोलवाटोलवी अजून चालू आहे.