पांढरं झुरळ आणि त्याचं पांढरट रक्त

प्रश्न : परवा रात्री पाणी प्यायला उठले तर मोरीच्या कठड्यावर अख्खं पांढरं झुरळ, डोळे तेवढे काळे. सासूबाई म्हणतात पेस्ट कंट्रोलच्या औषधाने रंग उडाला. मुलाने चपलेने मारलं तर रक्त नाहीच, नुसतं पांढरट चिकट पाणी. मुलगा अकरावी सायन्सला आहे, तो विचारतो की ते रक्तच का, आणि नर-मादीचं, लहान-म्हाताऱ्याचं सेम असतं का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, रंग उडाला नव्हता, चढायचा बाकी होता. झुरळाने नुकतीच कात टाकलेली होती, नवीन कातडी आधी अशीच मऊ आणि पांढरी असते आणि काही तासांत कडक होऊन तपकिरी होते.

आणि हा रंग येतो कुठून, तर त्याच पाण्यातून. ते रक्तच आहे, सोबत थोडी चरबी असते म्हणून चिकट लागतं. लाल नाही कारण झुरळाला ऑक्सिजन रक्तातून न्यावाच लागत नाही, अंगाच्या बाजूला बारीक भोकं असतात तिथून नळ्यांनी हवा थेट आत पोचते. मग रक्त करतं काय? माल साठवतं आणि पोचवतं. कीटकांच्या रक्तात सुटी अमिनो आम्लं, म्हणजे ज्यांपासून प्रोटीन बनतं ते घटक, आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतात, आणि मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही की शरीराचं जे काम चालू असेल तसा हा साठा बदलतो. कात टाकायची वेळ आली की टायरोसिन हे अमिनो आम्ल जमा होतं, जुनी कातडी निघाली की ते नव्या कातडीत जातं, तिथे त्याचे पदार्थ प्रोटीनला प्रोटीन जोडून टाकतात आणि कातडी कडक होते, रंग धरते. रेशमाच्या किड्याचं पण तसंच, कोष विणायचा तर ग्लायसिन आणि अलानिन ही अमिनो आम्लं ढीगभर लागतात.

नर-मादीत फरक असतोच. मादीला अंड्यांचा बलक भरायचा असतो, त्याचं प्रोटीन चरबीत तयार होतं आणि रक्तातून अंडाशयात जातं. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास घ्या, नर रक्त पीतच नाही, मादी पिते ते अंड्यांसाठी, कारण रक्त पचून अमिनो आम्लं मिळाल्याशिवाय तिचं बलकाचं काम सुरूच होत नाही. त्यातून जो जास्तीचा अमोनिया होतो तो ती प्रोलिन आणि ग्लुटामिन या अमिनो आम्लांमध्ये बांधून ठेवते, आणि प्रोलिन तर उडायला इंधन म्हणूनही चालतं!

म्हातारपणाचं म्हणाल तर फळमाशीवरचं 2009 चं काम मुलाला जरूर सांगा. माश्यांना कमी खायला दिलं की त्या जास्त जगतात पण अंडी कमी घालतात. त्या कमी खाण्यात नुसतं मेथिओनिन हे एक अमिनो आम्ल घातलं तर अंडी पूर्ववत झाली आणि आयुष्यही घटलं नाही, बाकीची आवश्यक अमिनो आम्लंही घातली तेव्हा मात्र आयुष्य कमी झालं. म्हणजे नुसतं किती खाल्लं हे नाही, कुठलं किती, हे प्रमाण महत्त्वाचं.

पुन्हा पांढरं दिसलं तर मारायची घाई करू नका, काचेचा ग्लास पालथा घाला त्याच्यावर, आणि मुलाला दर तासाला बघू दे. आधी फिकट पिवळसर होईल, मग हळूहळू तपकिरी.