फूटपट्टी हातात दिली म्हणून रुसू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बार्लीच्या जनुकांवर काम करायचं म्हणून तू ॲडलेडला गेलीस आणि त्यांनी हातात टिपकागद, बोरिक ॲसिडचं द्रावण आणि फूटपट्टी दिली. "मुळं मोजायला एवढ्या लांब कशाला यायचं?" हा तुझा प्रश्न. राग समजतो, पण पटत नाही. बोरॉन सहनशीलतेत, म्हणजे मातीतला जादा बोरॉन पिकाने सोसण्याच्या अभ्यासात, आजवर जे हाती लागलंय, ते आधी मोजमाप नीट झालं म्हणून लागलंय.

तू आहेस तिथलंच उदाहरण घे. दक्षिण ऑस्ट्रेलियात ग्लॅडस्टोनजवळच्या शेतांत बार्लीची जुनी पानं शेंड्याकडून करपत, कडेने काळपट तपकिरी ठिपके येत. बघणाऱ्याला बुरशीचा रोगच वाटावा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला माती आणि पानं तपासली, तेव्हा कारण निघालं जादा बोरॉन. पाऊस कमी असल्याने तो धुऊन जात नाही, खालच्या थरांत साचून राहतो. आपल्याकडे द्राक्ष-डाळिंबवाल्यांना बोरॉन म्हटलं की कमतरता आणि फवारणी एवढंच आठवतं, त्यामुळे तुझ्या घरच्यांना हे समजावताना तुला दोन वाक्यं जास्त खर्चावी लागतील. गरज आणि विष यांच्यातलं अंतर या मूलद्रव्यात फार थोडं आहे, हे आधी सांग.

पानांवरचे ठिपके मोजले, पानातला बोरॉन तपासला की झालं, असं तुला वाटेल. पण पाऊस पानातला बोरॉन धुऊन नेतो. त्याच ओळीचं (एकाच कुळीच्या, एकसारख्या रोपांचं) पान पावसाआधी तोडलं तर एक आकडा, नंतर तोडलं तर दुसरा. शिवाय बाष्पोत्सर्जनाच्या पाण्याबरोबर बोरॉन शेंड्याला जाऊन साचतो, म्हणजे पानाचा कुठला तुकडा घेतला यावरही आकडा हलतो. म्हणून संशोधक मुळाकडे वळले. बोरिक ॲसिडच्या, म्हणजे बोरॉन असलेल्या, द्रावणात भिजवलेल्या कागदाच्या गुंडाळीत रोपं वाढवायची आणि सर्वांत लांब मूळ मोजायचं. स्वस्त, कंटाळवाणं आणि भरवशाचं.

आता क्लिपर आणि सहारा 3771 या जोडीकडे बघ. क्लिपर ऑस्ट्रेलियातला माल्टचा वाण, बोरॉनला नाजूक. सहारा अल्जीरियातला गावरान वाण, चिवट. त्यांच्या संकरातून डबल हॅप्लॉइड ओळी (पिढ्यानपिढ्या न बदलणाऱ्या, शुद्ध) तयार केल्या आणि प्रत्येक ओळीवर एकच नाही, वेगवेगळे गुण मोजले. 1999 मध्ये गुणसूत्रांवरच्या चार जागा समोर आल्या: 2एच, 3एच, 4एच, 6एच (ही बार्लीच्या त्या त्या गुणसूत्रांची नावं). गंमत पुढे आहे. 2एचचा संबंध पानांवरच्या लक्षणांशी, 3एचचा मुळांच्या वाढीशी, 6एचचा रोपात शिरणाऱ्या बोरॉनशी. 4एच मात्र जवळजवळ सगळीकडे हजर. नुसती पानं बघितली असती तर 3एच निसटलं असतं. नुसती मुळं मोजली असती तर 2एच.

जनुकं त्यानंतर सापडली. 2007 मध्ये 4एचवरचं बॉट1 हाती लागलं. ते बोरॉन पेशीबाहेर काढणारं प्रथिन बनवतं आणि सहारामध्ये त्याच्या प्रती क्लिपरच्या सुमारे चौपट आहेत. 2010 मध्ये 6एचवरचं कोडं सुटलं: तिथलं जनुक बोरॉनला आत येण्याची वाट देतं आणि सहारामध्ये ते कमी चालतं. म्हणजे एकाने दार लोटून घेतलंय आणि दुसरा आत शिरलेलं उपसून काढतोय. बॉट1 चा नातलग, बोर1, जपानी संशोधकांनी 2002 मध्ये ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात शोधला होता, तोही बोरॉन कमी पडल्यावर झाड काय करतं हे बघताना. (भातात तर उलटच तऱ्हा. तिथे एक जनुक बंद पडलं की सहनशीलता वाढते. त्यात आत्ता शिरू नकोस.)

इथवर वाचून तुला वाटेल, मग सहाराच्या 4एचवरचा तो भाग संकराने उचलून चांगल्या वाणात टाकला की काम फत्ते. टाकून बघितलं. झाडातला बोरॉन कमी झाला, पण शेतातलं उत्पादन त्या प्रमाणात वाढलं नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि ती शोधनिबंधाच्या सारांशात कोणी ठळक करून छापत नाही. जिथे बोरॉन साचतो तिथे क्षार आणि सोडियमही असतात. मुळं खाली जायला आणखी कारणांनी कचरतात. दुष्काळी साली पीक पाण्यावाचूनच जातं. कागदाच्या गुंडाळीत यांपैकी काहीच नसतं.

गव्हाचा अनुभव वेगळा, म्हणून निराशही होऊ नकोस. 1970 च्या दशकात तिथे हॅलबर्ड हा गहू भरपूर पेरला जायचा. बोरॉनचं नावही कोणाच्या यादीत नसताना पैदासकारांनी केवळ शेतातलं उत्पादन बघून तो निवडला, आणि पुढे कळलं की तो बोरॉनला सहनशील आहे. 7बी गुणसूत्रावरचं त्यामागचं जनुक बॉट1 च्याच कुळातलं निघालं, 2014 मध्ये.

तेव्हा पुढच्या आठवड्यापासून एवढं कर. प्रत्येक ट्रेमध्ये क्लिपर आणि सहारा दोन्ही ठेव, नाहीतर ट्रेचा फरक आणि जनुकाचा फरक एक होऊन जाईल. बोरॉन न घातलेली गुंडाळीही ठेव. काही ओळींचं मूळ मुळातच आखूड असतं, त्यांना उगाच नाजूक ठरवशील. त्या गुंडाळीसाठीचं पाणी बोरोसिलिकेट काचेच्या बाटलीत साठवू नकोस, काचेतून बोरॉन उतरतो. प्लास्टिक वापर. मोजताना लेबल झाकून ठेव. बियाणं सगळ्या ओळींचं एकाच हंगामातलं, एकाच शेतातलं आहे का, ते विचार. जुनं किंवा बारीक दाणं असलं की मूळ तसंही कमी वाढतं.

शेतावरचे प्रयोग कुठे होणार आहेत ते कळव, आणि तिथल्या मातीचा अहवाल मिळाला तर पाठव. वरच्या दहा सेंटिमीटरचा नको, मीटरभर खोलीपर्यंतचा, थराथराचा.