किडनीत सिस्ट आणि मुतखडा दोन्ही निघाले, दूध बंद करू का?

तुम्ही विचारलंय की सोनोग्राफीत एका किडनीत ३.२ सेंमीची साधी सिस्ट (पाण्याने भरलेली पिशवी) आणि ६ मिमीचा खडा दिसला, तर दूध-दही बंद करायचं का, आणि सिस्ट काढून टाकायची का.

दूध बंद करू नका. या एका सल्ल्यावरून मी वर्षानुवर्षं लोकांशी वाद घालत आलोय. ‘खडा कॅल्शियमचा, म्हणून कॅल्शियम तोडा’ हे ऐकायला सरळ वाटतं, पण खरी गोष्ट आतड्यात घडते. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात; ऑक्झलेट हा अन्नातून येणारा आणि शरीरातही तयार होणारा एक क्षार. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. दूध तोडलं की हे ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शोषलं जातं आणि लघवीत उतरून तिथल्या कॅल्शियमशी जुळतं, तोच खडा. २००२ साली इटलीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार खडे होणारे १२० पुरुष, पाच वर्षं. कमी कॅल्शियम खाणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि प्राणिज प्रथिनं कमी करणाऱ्यांपैकी २० टक्क्यांना. म्हणजे सगळं श्रेय एकट्या दुधाचं नाही, पण दूध तोडून फायदा होतो हे तर मुळीच दिसलं नाही.

कात्री लावायची तर मिठाला लावा. किडनी मिठातलं सोडियम बाहेर टाकते तेव्हा कॅल्शियमही सोबत लघवीत जातं. दिवसभरात सगळं मिळून एक चहाचा चमचा मीठ ही वरची मर्यादा, आणि त्यात पाकिटातले खारट पदार्थही आले. अन्नातून रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम जेवणाच्या वेळीच घ्या. कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी: उपाशीपोटी घेतल्या तर ऑक्झलेटला धरायला त्या जागेवर नसतात. जास्त मात्रेच्या ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंदच करा, शरीरात त्याचं ऑक्झलेट होतं.

पाणी किती प्यायलात ते मोजू नका, लघवी मोजा. सुट्टीच्या दिवशी मापाचं भांडं घ्या. २४ तासांत अडीच लिटर भरली पाहिजे. घाम जास्त जातो त्या दिवसांत त्यासाठी बरंच जास्त पाणी लागतं. रात्री लघवीला उठलात की परत झोपण्याआधी पेलाभर प्या, कारण लघवी सगळ्यात दाट रात्रीच होते.

खडा पडला तर गाळणीत धरा आणि तपासणीला द्या. तो यूरिक ॲसिडचा निघाला तर उपाय पूर्ण बदलतो: लघवीचा आम्लपणा कमी करून तो खडा विरघळवता येतो, कॅल्शियमचा नाही. २४ तासांच्या लघवीची तपासणीही करा. पहिल्या सकाळची लघवी टाकून द्यायची, तिथून दुसऱ्या सकाळच्या पहिल्या लघवीसकट प्रत्येक वेळची भरायची. मधली एक वेळ चुकली तरी आकडे खोटे येतात. त्या दिवशी शहाण्यासारखं खाऊ नका, रोजचंच खा.

सिस्टचं थोडक्यात: साधी, पातळ भिंतीची, आत स्वच्छ पाणी असलेली असेल तर तिला हात लावायचा नाही. वयानुसार त्या होतातच आणि त्यातून खडा बनत नाही. नुसतं पाणी काढलं तर ती बहुधा पुन्हा भरते. अहवालात पडदे, जाड भिंत किंवा घट्ट भाग लिहिला असेल तरच पुढे सीटी स्कॅन. सिस्टच्या भिंतीतलं कॅल्शियम सोनोग्राफीत कधी कधी खड्यासारखं दिसतं, हेही विचारून घ्या.

एक राहिलं. दोन्ही किडन्यांत पुष्कळ सिस्ट असतील आणि आई किंवा वडिलांनाही असतील, तर वरचा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. तो आनुवंशिक आजार असू शकतो, त्यात खडेही जास्त होतात आणि रक्तदाब सांभाळणं सगळ्यात महत्त्वाचं. क्रिॲटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) वाढलेलं असेल तर वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. पाणी आणि मीठही डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि कळ येत असताना थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालयात जा. अडलेल्या लघवीत जंतू वाढले की काही तासांत जीवावर बेततं.