वाचकांचे प्रश्न: मातीतल्या ऑटोक्रॉससाठी हलकी गाडी

प्रश्न: हौशी ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे आखलेल्या छोट्या ट्रॅकवरच्या घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत, उतरायचं आहे. गाडी आणि तयारी मिळून अडीच लाखांपर्यंत जाऊ शकतो. माझदा मिआटासारखी दोन सीटची, मागच्या चाकांना ताकद देणारी स्पोर्ट्‌स कार शोधावी, की जुनी मारुती एस्टीम घ्यावी?
— वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: एस्टीम घ्या. मिआटा फार सुंदर गाडी आहे. १९८९ची पहिली पिढी जेमतेम ९५० किलोची. पण तिचं नाव झालं ते डांबरी मैदानावर शंकू मांडून होणाऱ्या ऑटोक्रॉसमुळे. आपल्याकडे ट्रॅक बहुधा मातीचा असतो. दहा गाड्या फिरल्या की मुरूम उखडतो, खोल चाकोऱ्या पडतात आणि मिआटाचं पोट तिथेच टेकतं. शिवाय ती भारतात कधी विकायला आलीच नाही. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते, वर करही जबर. अडीच लाखांत तो विषयच नको.

एस्टीमचं १.३ लिटर, १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) इंजिन ८५ बीएचपीचं, म्हणजे ८५ अश्वशक्तीचं आहे आणि गाडी ८७५ किलोच्या आसपास, म्हणजे टनाला सुमारे ९७ बीएचपी. कार्ब्युरेटरची जुनी एस्टीम ६५ बीएचपीची, ती घेऊ नका. मारुतीचीच झेन अजून हलकी, हात बसवायला छान, पण ताकद कमी. जिप्सी दणकट खरी, मात्र उंच आहे आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर उसळते. पहिल्या वर्षी नको.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाआधी सांगाडा बघा. इंजिन बदलता येतं, सडलेला पत्रा नाही. बॉनेट उघडून पुढच्या दोन्ही स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या खांबांच्या) माथ्यांभोवती भेगा किंवा नवीन वेल्डिंग शोधा. गाडी लिफ्टवर घेऊन लोअर आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) जिथे बसतो तिथला पत्रा पेचकसाने टोचा. पेचकस आत गेला तर व्यवहार तिथेच थांबवा. ऑटोक्रॉसचा जवळजवळ सगळा खेळ दुसऱ्या गिअरमध्ये चालतो, म्हणून गिअरबॉक्स गरम झाल्यावर तिसऱ्यावरून दुसऱ्यात टाकून बघा. खरखर आली तर सिंक्रो रिंग (गिअर अलगद जुळवणारी कडी) गेली आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट ऐकू आली तर सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) संपलाय. बहुतेकदा त्याचं कारण फाटलेला रबरी बूट असतो: ग्रीस बाहेर, धूळ आत. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी नूतनीकरण झाली आहे का, तेही कागदावर बघून घ्या.

उरलेल्या पैशांचा क्रम आमच्या मते ठरलेला आहे: आधी टायर, मग शॉकअप आणि नवे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर), मग ब्रेक, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. हेड पोर्टिंगने (इंजिनाच्या हेडमधल्या हवेच्या वाटा घासून मोठ्या केल्याने) वाढलेली ताकद घसरत्या मुरमावर जमिनीपर्यंत पोचतच नाही. आतलं चाक नुसतं फिरतं.

प्रश्न: माझी २०१८ची पेट्रोल स्विफ्ट रोजच्या वापरात आहे. तीच घेऊन एक-दोन स्पर्धा करता येतील का? काय बदलावं?
— वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर: करता येतील. ८५० ते ९०० किलोच्या दरम्यानची, ८२ बीएचपीची गाडी सुरुवातीला भरपूर झाली. फक्त एक गोष्ट पक्की समजून घ्या: खासगी गाडीच्या विम्यात शर्यत वगळलेली असते. ट्रॅकवरचं नुकसान तुमच्याच खिशातून जाणार.

इंजिनाखाली स्किड प्लेट (दगडांपासून वाचवणारा जाड पत्रा) हवीच. ६० बाय ८० सेंटिमीटरची ६ मिलिमीटर ॲल्युमिनियमची प्लेट आठ किलोच्या आत बसते. तेवढीच ३ मिलिमीटर लोखंडाची ११ किलोच्या पुढे जाते. अंबड किंवा सातपूरच्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडे कापून मिळेल, पण इंजिन ऑइल काढायच्या नटाखाली भोक ठेवायला सांगा. ब्रेक ऑइल बदलून नवं डॉट-४ दर्जाचं भरा. जुन्या ऑइलने ओल धरलेली असते, ते गरम होऊन उकळतं आणि पेडल खाली बसतं. हँडब्रेकची केबल ताणून घ्या.

स्पर्धेच्या सकाळी स्टेपनी, जॅक, पायपुसणी आणि डिकीतलं सगळं बाहेर काढा. पंधरावीस किलो तिथेच कमी होतात. मागची सीट काढू दिली जाते का ते त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात वाचा, आणि संध्याकाळी ती परत बसवूनच रस्त्यावर या. एअर फिल्टर दिवस संपल्यावर झटका. धूळ फार असेल तर बदलाच.

प्रश्न: वळणावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. टायरची हवा किती ठेवू?
— वाचक, सिडको

उत्तर: पुढे २८, मागे ३४ पीएसआयपासून सुरू करा आणि दर फेरीनंतर दोन-दोननेच बदला. मागची पकड थोडी कमी झाली की शेपूट फिरतं. पुढची हवा २४च्या खाली नेऊ नका, चाकोरीच्या काठावर टायर रिममधून सुटतो. तरीही नाक बाहेरच जात असेल तर दोष हवेचा नाही, तुम्ही वेगात आत शिरताय. ब्रेक सरळ रेषेतच पूर्ण करा, स्टिअरिंग वळवताना ॲक्सिलरेटर सोडा म्हणजे वजन पुढच्या चाकांवर येईल, आणि नाक आत वळलेलं दिसल्यावरच पुन्हा दाबा.